कणीक फुगेपर्यंतचा तास

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा थंडी सरलेली असेल. हे लिहितेय ती मात्र जानेवारीतल्या एका रविवारची सकाळ आहे. श्रीरामपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यानं झाकलेलं एक पातेलं ठेवलंय. आत पावाची कणीक आहे. एरवी तासाभरात फुगते, पण या थंडीत दीड तास तरी घेईल. तेवढ्या वेळात संपादकीय लिहून काढायचं असं ठरवून बसलेय.

‘आता संपादकीयात पाककृती द्यायच्या का?’ असं आमच्या संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीनं हसत विचारलं. प्रश्न रास्त आहे. बाईला लोणची-पापडांत गुंतवून ठेवणाऱ्या मासिकांना कंटाळूनच आपण हे त्रैमासिक चालवतो. तरीही या वेळी मला या पातेल्याबद्दलच लिहायचंय. गेले काही महिने त्याच्यासमोर बसून एका प्रश्नाचा विचार करते आहे आणि तो प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, असं मला वाटतं.

पाव करायला मला शेजारच्या मावशींनी शिकवलं. आमच्या तालुक्यात ख्रिस्ती वस्ती बरीच. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लांबलांबून माणसं येतात, ते तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. मावशी निवृत्त परिचारिका आहेत. नाताळच्या आधी त्यांच्याकडे केक होतो, आणि एरवी मनात येईल तेव्हा घरचा पाव. प्रमाण सोपं आहे. अर्धा किलो पीठ, त्यात निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं. सात ग्रॅम कोरडं यीस्ट, म्हणजे दोन लहान चमचे. थोडी साखर, दीड लहान चमचा मीठ, जरासं तेल आणि पेला-दीड पेला कोमट पाणी.

पहिल्या खेपेला माझं पाणी फार तापलं. यीस्ट टाकलं, दहा मिनिटं झाली तरी वर फेस येईना. मावशींना हाक मारली. त्यांनी पाण्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, त्यात जीव असतो. एवढ्या कढत पाण्यात तू तरी जगशील का?’

खरोखरच त्यात जीव असतो. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, एकेका पेशीची बुरशी. फ्रान्समधल्या लुई पाश्चरनं १८५७ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिलं, की आंबण्याची क्रिया आपोआप होत नाही, असे सूक्ष्म जीव ती घडवून आणतात. यीस्ट पिठातली साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडं अल्कोहोल बाहेर टाकतं. तो वायू कणकेत अडकतो म्हणून ती फुगते. भाजताना अल्कोहोल उडून जातं. मीठ जास्त झालं की यीस्टचं काम मंदावतं, थंडीत ते सुस्तावतं आणि कढत पाण्यात मरतं. आपल्या बायांना यातलं काहीच परकं नाही. विरजण कधी लावायचं, इडलीचं पीठ हिवाळ्यात कुठं ठेवायचं, अनारशाचं पीठ किती दिवस मुरू द्यायचं, हे पुस्तक न वाचता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं ज्ञान आहे. त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही, एवढंच.

आमच्या सासूबाईंचा आयुष्यभर भाकरीवर हात बसलेला. माझा हा खटाटोप त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘भाकरीचं पीठ मळलं की लगेच थापावं लागतं, थांबलं की ती चिरते. तुझं उलटंच. ह्याला थांबल्याशिवाय येतच नाही.’ त्यांनी एका वाक्यात मर्म सांगितलं. गव्हातली प्रथिनं पाण्यानं आणि मळण्यानं एकमेकांत गुंफतात, त्यांची ताणली जाणारी जाळी होते आणि वायू त्या जाळीत अडकतो. ज्वारी-बाजरीत ती जाळी होत नाही. म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागतं, एकेका भाकरीपुरतंच पीठ मळावं लागतं आणि तव्यावर पडेपर्यंत हात थांबू देता येत नाही. आपल्या भागातल्या बाईच्या हाताला जी भाकरी ठाऊक आहे, तिच्यात थांबायला जागाच नाही.

पावात मात्र दहा मिनिटं मळलं, की पुढचा तास हाताला काम नसतं. माझी अडचण तिथं सुरू झाली.

पहिल्या रविवारी कणीक झाकून ठेवली आणि मी भांडी घासायला घेतली. मग दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, डाळ भिजवली, मुलाची वही बघितली. कणीक कधी फुगली ते कळलंच नाही. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ठरवून खुर्ची ओढली आणि पातेल्यासमोर बसले. पाच मिनिटांत अस्वस्थ वाटू लागलं. कुणी येऊन बघेल का? बघितलं तर काय म्हणेल? नवरा बाहेरच्या खोलीत तासभर वर्तमानपत्र वाचत होता. त्याला असं काही वाटत नव्हतं. मी समाजकार्यात एम.ए. केलेली बाई, घरकामाच्या मोलावर गावोगाव बोलणारी. आणि माझ्याच घरात, सुट्टीच्या दिवशी, एका जागी स्वस्थ बसायला मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

पातेल्यात बघत राहिलं तर काही हलताना दिसत नाही. म्हणून मावशींनी सांगितल्याप्रमाणे थोडी कणीक काचेच्या पेल्यात ठेवली आणि बाहेरून दोरा बांधून खूण केली. वीस मिनिटांनी ती दोऱ्याच्या वर बोटभर होती. चाळीस मिनिटांनी दोन बोटं. तासानं दुप्पट. बोट रुतवलं, तर खळगा हळूहळू भरत आला. म्हणजे झालं. त्या तासात मी काहीच केलं नव्हतं, पण काम झालं होतं.

पुढच्या महिन्यात बचत गटातल्या सात-आठजणींची बैठक माझ्या घरी होती. म्हटलं, त्यांनाही पाव दाखवू. ओव्हन सगळ्यांकडे नसतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी मीठ पसरून मंद आचेवर तापवायचं, वर जाळी आणि जाळीवर डबा ठेवायचा, असं केलं तरी पाव होतो. सगळ्यांनी आळीपाळीनं कणीक मळली. झाकून ठेवली. मग मी म्हटलं, ‘आता तासभर थांबायचं.’

कुणी बसेना. एकजण म्हणाली, ‘ताई, ही फुगंस्तोवर नुसतं बसायचं? काहीतरी द्या ना हाताला.’ दुसरीनं आल्याबरोबर पाहून ठेवलेली मेथीची जुडी उचललीसुद्धा आणि निवडायला घेतली. तिसरी घरी एक चक्कर मारून येते म्हणाली. मी मेथी काढून घेतली आणि सगळ्यांना बळंच खाली बसवलं. थोडा वेळ अवघडून गेला. मग चाळिशीतली एक बाई म्हणाली, ‘अशी बसल्याली मला आठवतच नाही. दुसऱ्या बाळंतपणात बसले असंन, ते बी पाच दिवस.’ सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर खोलीत शांतता झाली.

त्या शांततेत आणखी एकजण बोलायला लागली. ती आमच्या केंद्रात तीनदा येऊन गेली होती. प्रत्येक वेळी अर्ज घेऊन जायची, भरून आणायची नाही. टेबलापलीकडून मी विचारलेल्या प्रश्नांना ‘व्हय’ आणि ‘नाय’ यापलीकडे उत्तर नसायचं. त्या दिवशी झाकलेल्या पातेल्याकडे बघत ती म्हणाली, ‘मी रोज रात्री थांबते. तो येईस्तोवर. अकरा वाजतात, बारा वाजतात. पण ते थांबणं असं नसतं. सगळा जीव दाराकडं असतो. कडी वाजली की पावलावरनंच कळतं, आज पिऊन आला का नाही ते.’ मग ती अर्धा तास बोलली. कुणीही तिला मध्ये तोडलं नाही. हे तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही इथं दिलेलं नाही.

मला तेव्हापासून तिचं ‘असं नसतं’ सोडत नाही. थांबणं बाईला नवं नाही, उलट तिच्याइतकं कुणी थांबत नसेल. नळाला पाणी येण्याची वाट, टँकरची वाट, रेशनच्या दुकानाची रांग, सरकारी दवाखान्याची रांग, कोर्टातली पुढची तारीख, शाळा सुटण्याची वाट, सगळ्यांची जेवणं उरकण्याची वाट, पिऊन येणाऱ्याची वाट. या सगळ्या थांबण्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. तो वेळ तिचा नसतो, पण जातो तिचाच. पावाच्या कणकेपुढचा तास वेगळा आहे. तो कधी संपेल ते तिला ठाऊक असतं, त्या वेळात कान कुणाच्या पावलाकडे लागलेला नसतो. बाईच्या आयुष्यात पहिल्या प्रकारचं थांबणं किती आणि दुसऱ्या प्रकारचं किती, हा मला पडलेला प्रश्न आहे.

यातलं थोडंफार मोजलं गेलंय. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर लोक वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि असं काम करणारे पुरुष शंभरात २६, बाया मात्र ८१. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं याच आकड्यांचा आधार घेत, घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला आर्थिक मोल आहे असं एका निकालात सांगितलं. निकाल चांगलाच आहे. पण खटला कशाचा होता? दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या भरपाईचा. त्या बाईच्या कामाची किंमत हिशेबात आली, ती तिच्या मरणानंतर.

आता जरा त्या यीस्टच्या पुडीकडे वळते. एवढीशी चंदेरी पुडी. ती कशावर वाढते? बेकरीचं यीस्ट कारखान्यात वाढवतात ते मुख्यतः मळीवर. उसाच्या रसातून साखर काढल्यावर जो काळा, दाट पाक उरतो, ती मळी. आणि मळी म्हणजे आपल्या जिल्ह्याची ओळखच. १९५०–५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावं त्यामुळे इतिहासात गेली. सहकारी कारखान्यांच्या आधीही आमच्या तालुक्यात खासगी कंपन्यांचे उसाचे मळे आणि कारखाने होतेच. थंडीच्या दिवसांत अजूनही श्रीरामपुरात वारा फिरला की तो गोडसर, आंबूस वास येतो.

तो ऊस कोण तोडतं? आमच्या शहराबाहेर हंगामात कोप्या उभ्या राहतात. बीडकडून, पाथर्डीकडून आलेली कुटुंबं तिथं उतरतात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादमाकडून घेतो तो पुरुष आणि व्यवहारही त्याच्याच नावावर. बाई पहाटे तीनला उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते, अंधारात फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. परत आल्यावर पाणी, सरपण, पुन्हा भाकरी. मागणी येईल तेव्हा रात्री-अपरात्री गाडी भरायला जावं लागतं, ते वेगळंच. दुखण्याखुपण्याला वेळ नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासानं खाडे नकोत म्हणून गर्भाशयच काढून टाकण्यापर्यंत गोष्टी गेल्या. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा बभ्रा २०१९ साली झाला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

माझ्या पातेल्यातली कणीक त्या मळीवर वाढलेल्या यीस्टनं फुगते आहे. म्हणजे माझा हा निवांत तास कुठून सुरू होतो, त्याचा माग काढला तर तो कोपीतल्या त्या चुलीपाशी जातो. तिच्या दिवसात असा तास नाही.

त्याच मळीची दुसरी वाटही तुम्हाला ठाऊक आहे. मळी यीस्टनं आंबवली की अल्कोहोल होतं. आज त्यातलं बरंच इंधनासाठी आणि औषधांसाठी जातं हे खरं, पण दारू होते तीही यातूनच. कणकेत जे यीस्ट आपल्या कामी येतं, त्याच्याच जातीचं यीस्ट त्या टाकीत असतं. यीस्टला दोष देण्यात अर्थ नाही. काय वाढवायचं आणि कुणासाठी, हे ठरवणारी माणसं वेगळी असतात. माझ्या घरी बोललेल्या त्या बाईचं रात्रीचं थांबणं या टाकीपाशी येऊन मिळतं. गावातल्या निम्म्याहून अधिक बायांनी मतदान करून बाटली आडवी केली की दुकान बंद होतं, हा हक्क महाराष्ट्रात बायांनी लढून मिळवला. त्या लढ्यात मागितलेलं काय होतं, याचा विचार केला तर मला वाटतं, दारूबंदी तर होतीच, पण रात्रीचे ते तासही होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मीच घेते. हे सगळं मध्यमवर्गीय बाईचे चोचले नाहीत का? मला पगार आहे, गॅस आहे, लहानसा ओव्हन आहे, रविवारची सुट्टी आहे. ऊसतोडीच्या बाईला मजुरी हवी, पाणी हवं, दवाखाना हवा. तिला सांगायचं का, की बाई, तू तासभर स्वस्थ बस? हा आक्षेप मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. माझं उत्तर असं आहे. मला मिळालेल्या तासाची मला शरम वाटून तिला तो मिळणार नाही. आणि तिला तो नकोच आहे, असं आपण परस्पर ठरवणं हाही एक प्रकारचा अहंकार आहे. मजुरी, पाणी, पाळणाघर, कोयत्याऐवजी दोन माणसांची दोन वेगळी नोंद, या मागण्यांचा शेवट कुठं होतो? तिच्या दिवसात तिचा म्हणावा असा वेळ उरण्यातच ना? तो वेळ मागण्यांच्या यादीत लिहिलेला नसतो. म्हणून बाकी सगळं थोडंथोडं मिळालं तरी तो मिळत नाही.

आपल्या आधीच्या बायांना हे कळत होतं. १९१७ साली ८ मार्चला, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारीला, पेट्रोग्राडमधल्या कापड गिरण्यांतल्या बाया संप करून रस्त्यावर आल्या. युद्ध चाललं होतं. गिरणीत दिवसभर काम आणि वर पावासाठी थंडीत तासन्‌तास रांगा. ‘पाव द्या’ म्हणत त्या निघाल्या आणि आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली. आपण दरवर्षी महिला दिन पाळतो त्या तारखेत ही पावाची रांग आहे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर महागाई भडकली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली उभ्या राहिल्या. हजारो बाया हातात लाटणी घेऊन मोर्च्याला आल्या. स्वयंपाकघरातली वस्तू उचलून त्यांनी रस्त्यावर आणली. स्वयंपाकघर आणि राजकारण यांत भिंत नाही, हे त्यांनी आपल्याला कधीच शिकवून ठेवलंय.

पैशाचाही मुद्दा आहे. घरात कणीक मळते ती बाई, पण मी पाहिलेल्या बेकऱ्यांत भट्टीपुढे पुरुषच. गोव्यात पाव करणारा आणि सायकलवरून दारोदार विकणारा पोदेर आपण ओळखतो, तोही बहुधा पुरुषच. तीच कणीक विकायची झाली, की काम बाईच्या हातून निसटतं. आता बचत गटांना बेकरीचं प्रशिक्षण देण्याची टूम आहे. अशाच एका प्रशिक्षणाला मी बसले होते. तीन दिवस बिस्किटं आणि पाव झाले, शेवटी प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. घरी गेल्यावर ओव्हन कुणाकडे होता? विजेचा मीटर कुणाच्या नावावर? बिल कोण भरणार? पाव बाजारात कोण नेणार, आणि आलेला पैसा कुणाच्या खिशात? यातलं काही कुणी विचारलं नव्हतं. आणि तो फुगण्याचा तास? त्यात ती घरचं दुसरं काम उरकेल, असं गृहीतच धरलेलं होतं. म्हणजे पूर्वी एक काम होतं, आता दोन.

वेगळं करून दाखवणाऱ्या बायाही आपल्यातच आहेत. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथं लाटणारी प्रत्येक बाई मालकीण असते आणि पीठ मळण्याचं काम केंद्रावर होतं. तिच्या एकटीच्या अंगावर सगळं पडत नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणी कामगारांना खानावळीचं जेवण घालणाऱ्या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा सावकाराच्या कर्जातून सुटका ही पहिली गोष्ट होती. दोन्ही ठिकाणी सुरुवात पदार्थापासून झाली नाही. पैसा, मालकी आणि कामाची वाटणी यांपासून झाली.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, आपल्या पाहणीच्या अर्जांत बाई किती तास काम करते हे आपण विचारतो. त्याखाली आणखी दोन रकाने घालूया. दिवसातला किती वेळ दुसऱ्याची वाट बघण्यात गेला, आणि किती वेळ तुमच्या मर्जीनं रिकामा होता. दुसरी, गटासाठी कुठलंही प्रशिक्षण घ्यायचं ठरलं, तर वर लिहिलेले प्रश्न आधी विचारायचे आणि उत्तरं मिळाल्याशिवाय सही करायची नाही. तिसरी, आपल्या बैठकींत एक तास असा ठेवायचा, की ज्यात विषय नाही, इतिवृत्त नाही आणि हाताला मेथीही नाही. माझ्या केंद्रातल्या टेबलानं जे तीन खेपांत केलं नाही, ते त्या रिकाम्या तासानं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या बाईनं आता अर्ज भरलाय. पुढची लढाई सोपी नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

लिहिता लिहिता सव्वा तास झाला. आज ठरवल्याप्रमाणे मी त्या तासात स्वस्थ बसले नाही, संपादकीय लिहीत बसले. म्हणजे सवय गेलेली नाही. कणीक दोऱ्याच्या वर आली आहे. मुलगा दोनदा येऊन फडका उचलून गेला. नवऱ्याला सांगितलंय, डब्याला तेल लावून उंडे तूच घाल, दुसऱ्यांदा फुगायला अर्धा तास लागेल, आणि तेवढ्यात भांडीही तूच घास. सासूबाई हे ऐकून काही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या आहेत.

तुमच्या गावात, तुमच्या गटात हे दोन रकाने भरून बघा आणि काय उत्तरं येतात ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती छापू.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाकरिता
श्रीरामपूर